खोटी सही, खरा मजकूर

निवृत्त झाल्यावर बहुतेक प्रकरणे विसरली जातात, आणि ते बरेच असते. हे एक मात्र अजून मनातून जात नाही. त्यात खून नव्हता, दरोडा नव्हता. भांडण एका पेटंटचे होते, आणि पेटंट म्हणजे नेमके काय हे मलाही तेव्हा धड ठाऊक नव्हते. यातली माणसे अजून आपापल्या कामात आहेत, म्हणून कुणाचेच नाव लिहीत नाही.

मी बेंगळुरूत आर्थिक गुन्ह्यांच्या ठाण्यात इन्स्पेक्टर होतो. एका सकाळी हजेरी आटोपून रात्रपाळीच्या नोंदी वाचत बसलो असताना एका मोठ्या कंपनीचे वकील तक्रार घेऊन आले. तक्रार इतकी नीटनेटकी होती की तक्रारी लिहून घेणाऱ्या माझ्या रायटरला त्यात एक शब्दही बदलावा लागला नाही. फसवला गेलेला माणूस अशी तक्रार लिहीत नाही. तो चिडलेला असतो, मागचे पुढे सांगतो. इथे सगळे जागच्या जागी होते. तिथेच मला पहिला संशय आला.

प्रकरण असे होते. मोबाइलवरून पैसे देण्याच्या एका पद्धतीचे पेटंट या कंपनीला मिळाले होते. पद्धत साध्या बटणांच्या फोनसाठी होती, इंटरनेट लागत नसे. गिऱ्हाइकाने आणि विक्रेत्याने आपापले फोन एकमेकांच्या हातात द्यायचे. प्रत्येकाने दुसऱ्याच्या फोनवर रक्कम दाबायची. दोन्ही आकडे जुळले की फोन परत घ्यायचे आणि गिऱ्हाइकाने आपला गुप्त क्रमांक टाकायचा. ज्याला वाचता येत नाही त्यालाही फसवणे अवघड जावे, हा हेतू.

शहरातल्याच मारतहळ्ळीत एका बाईंची छोटी कंपनी होती. मूळच्या पुण्याच्या, शिक्षणाने इंजिनिअर. त्यांचे म्हणणे, ही पद्धत त्यांनी काढली आणि मोठ्या कंपनीने अर्ज करण्याच्या कितीतरी आधी बेंगळुरूजवळच्या देवनहळ्ळीच्या फळबाजारात उघडपणे चालवून दाखवली. आधीपासून लोकांच्या वापरात असलेल्या गोष्टीवर पेटंट टिकत नाही. म्हणून त्यांनी चेन्नईच्या पेटंट कार्यालयात विरोध दाखल केला. त्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागत नाही, पण अटी कडक असतात. पेटंट मंजूर झाल्याची प्रसिद्धी झाली की वर्षाच्या आत विरोध आणि त्यासोबत पुरावा द्यावा लागतो. साक्षीदार सहसा समोर येत नाही, त्याचे प्रतिज्ञापत्र येते.

बाईंचा मुख्य पुरावा म्हणजे देवनहळ्ळीच्या फळ उत्पादक संघाच्या कार्यदर्शींचे प्रतिज्ञापत्र. कार्यदर्शी म्हणजे आपण ज्याला सचिव म्हणतो तो. साठी ओलांडलेला, चकोतऱ्याची, म्हणजे पपनसाची, बाग असलेला शेतकरी. ‘आमच्या बाजारात ही पद्धत मी स्वतः वापरली,’ असे त्यात लिहिले होते.

कंपनीने उत्तरादाखल त्याच कार्यदर्शींचे दुसरे प्रतिज्ञापत्र दिले. ‘पहिल्यावरची सही माझी नाही. त्या दिवशी मी तिरुपतीला होतो. अशी कोणतीही पद्धत मी पाहिलेली नाही.’ आणि आता बनावट सहीची तक्रार माझ्या टेबलावर होती. बनावट कागद कार्यालयात दाखल होण्याआधीच तयार झाला, असे तक्रारीत होते, त्यामुळे पोलिसांना गुन्हा नोंदवता येत होता. मी तो नोंदवला.

कार्यदर्शी जबाबाला आले ते कंपनीच्या वकिलांच्या गाडीतून. तिरुपतीच्या मुक्कामाची खात्री आम्ही करून घेतली, ती खरी निघाली. हस्ताक्षर तज्ज्ञानेही सही त्यांची नसल्याचे सांगितले. तरी एक गोष्ट खटकली. मी सहीबद्दल विचारत होतो आणि ते पुन्हा पुन्हा म्हणत होते, “फोनचं मला काही माहीत नाही, सर.” फोनबद्दल मी अजून काही विचारलेच नव्हते.

मग बाईंना बोलावले. त्या एकट्याच आल्या. खुर्चीवर ताठ बसून राहिल्या.

“सही खोटी आहे,” मी म्हणालो. “फायदा तुमचा. मग केली कुणी?”

“मला माहीत नाही. तो कागद माझ्या पार्टनरने आणला. मी त्या आठवड्यात पुण्याला होते, आईचं ऑपरेशन होतं.”

“पार्टनरवर ढकलताय?”

“नाही. जे झालं ते सांगतेय. तुम्हाला खोटं वाटलं तर मी काय करू शकते?”

मला खोटेच वाटले होते. आईचे आजारपण ठाण्यात पुष्कळांना आठवते. मी पुण्याच्या इस्पितळात चौकशी करायला लावली. बाई खरे बोलत होत्या, पण त्याने त्या सुटत नव्हत्या. सही दुसऱ्याकडून करून घेता येते.

त्यानंतर दोन-चार दिवसांनी ठाण्यात एक फोन आला. बोलणारी कुणी अनोळखी स्त्री होती, नाव सांगायला तयार नव्हती; ती कोण, ते मला शेवटपर्यंत कळले नाही. कन्नडमध्ये एवढेच म्हणाली, “त्या देवनहळ्ळीच्या कागदावर सही करायला नोटरीकडे आला होता तो तरुण माणूस होता. एकटाच होता.” आणि फोन ठेवला.

फोनवरच्या खबरीवर मी कधी लगेच विश्वास ठेवत नाही. खबर देणाऱ्यालाही काहीतरी हवे असते. पण नोटरीला आणून बसवले आणि सही करणाऱ्याचे वय विचारले, तेव्हा त्याने घाम पुसला. माणूस ओळखीचा होता म्हणून ओळखपत्र न पाहताच शिक्का मारला, हे त्याने कबूल केले. तो माणूस म्हणजे बाईंचा भागीदार.

भागीदार मल्लेश्वरमचा. आमच्यासारखाच पिढ्यान्पिढ्या इथे राहिलेल्या मराठी घरातला, तिशी उलटलेला. खोलीत येताच त्याने घरची मराठी सुरू केली.

“अण्णा, तुमचं आमचं मूळ एकच. स्वल्प समजून घ्या.”

“इथे मी अण्णा नाही. बस.”

बराच वेळ तो इकडचे तिकडचे बोलत राहिला. मी मध्ये बोललो नाही. चौकशीत गप्प बसणे पुष्कळांना जमत नाही, पण समोरचा त्या शांततेलाच जास्त घाबरतो. शेवटी मी नोटरीचा जबाब झाल्याचे सांगितले. मग तो मुद्द्यावर आला.

“मुदत संपत होती, अण्णा. वर्ष झालं की विरोधाचा दरवाजा बंद. प्रतिज्ञापत्र कार्यदर्शींना वाचून दाखवलं होतं, ते ‘सरी, बरोबर आहे’ म्हणाले होते. सही तेवढी राहिली आणि ते तिरुपतीला गेले. फोन लागेना. सगळी मेहनत एका सहीसाठी घालवू?”

“बाईंना ठाऊक होतं?”

“नाही. सांगितलं असतं तर तिने करू दिलं नसतं.” मग तो म्हणाला, “पण मजकूर तर खरा होता ना? त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. मग सही कुणाच्या हातची, याने काय फरक पडतो?”

“फरक पडतो म्हणून तू इथे आहेस,” मी म्हणालो.

त्याला अटक केली. तक्रार सिद्ध झाली होती. वरिष्ठ म्हणाले, आरोपपत्र द्या आणि मोकळे व्हा. कंपनीच्या वकिलांचाही फोन आला, फार लवकर तपास लावलात म्हणून. त्या कौतुकाने माझा संशय उलट वाढला. भागीदार खोटेपणा कबूल करूनही एका गोष्टीला धरून होता, मजकूर खरा होता. पकडला गेलेला माणूस उगीच असे काही धरून बसत नाही. आणि कार्यदर्शी न विचारता फोनबद्दल बोलले होते, तेही मी विसरलो नव्हतो.

पुरवणी जबाब घ्यायला मी देवनहळ्ळीला गेलो. बाईंकडून त्या वेळचे दोन जुने बटणांचे फोन मागून घेतले होते. संघाच्या कार्यालयाबाहेर, किल्ल्याच्या बाजूला, फळांच्या पाट्या लागल्या होत्या. पलीकडे कालपरवापर्यंत बाग असलेल्या जागेवर प्लॉट पाडल्याच्या पांढऱ्या खुणा दिसत होत्या. कार्यदर्शींनी मला चकोतरे कापून दिले. आम्ही कन्नडमध्ये पिकाबद्दल, पाण्याबद्दल बोललो. मग मी सहज दोन्ही फोन टेबलावर ठेवले.

“हा तुमचा, हा माझा. समजा मी फळ घेतलं आणि पैसे द्यायचे आहेत. घ्या पैसे.”

त्यांनी फोन उचलला, माझ्यापुढे धरला आणि दुसरा हात माझ्या फोनसाठी पसरला.

एवढेच झाले. दुसऱ्या कुणी फोन स्वतःकडे ठेवून बटणे दाबली असती, नाहीतर काय करायचे ते विचारले असते. आपल्याकडचा फोन कुणी आपण होऊन पोलिसाच्या हातात देत नाही. कार्यदर्शी आपल्या पसरलेल्या हाताकडे पाहत राहिले. मग त्यांनी तो हळूच मागे घेतला.

“वापरलीत ना ही पद्धत?”

“वापरली. एक पूर्ण हंगाम. अख्ख्या बाजाराने वापरली.”

“मग नाही का म्हणालात?”

“माझी सही दुसऱ्याने केली, सर. मला न विचारता. कंपनीच्या माणसांनी तो कागद दाखवला तेव्हा डोकं फिरलं. सही माझी नाही, एवढंच सांगायचं होतं मला. पद्धत पाहिली नाही, हे खालचं वाक्य त्यांनी घातलं. आणि संघाला शीतगृह बांधून देतो म्हणाले. फळ सडतं आमचं, लोक बागा विकतायत. मी वाचलं आणि सही केली.”

म्हणजे माझ्यासमोर दोन कागद होते. एकावर सही खोटी, मजकूर खरा. दुसऱ्यावर सही खरी, मजकूर खोटा. पहिल्यासाठी मी एकाला कोठडीत घातले होते. दुसऱ्याला मी हातही लावू शकत नव्हतो. पेटंट कार्यालयापुढे दिलेल्या खोट्या पुराव्याबद्दल त्या कार्यालयानेच पाऊल उचलायला हवे, पोलिसांनी परस्पर नव्हे. कार्यदर्शींनी मला दिलेला जबाबही चेन्नईत पुरावा म्हणून चालणार नव्हता.

बाईंना मी ठाण्यात बोलावून भागीदाराचा कबुलीजबाब सांगितला. फोनचे काय झाले तेही सांगितले.

“वकील म्हणतात, ते प्रतिज्ञापत्र आपण होऊन मागे घेऊ नका,” त्या म्हणाल्या. “मागे घेतलं तर हातात काहीच राहत नाही. नवा पुरावा द्यायचा तर परवानगी मागावी लागते, आणि तीही सुनावणीची तारीख लागायच्या आत. तारीख कधीही लागेल.”

“सल्ला द्यायचं माझं काम नाही.”

“सल्ला मागत नाहीये. खोटी सही माझ्या केसमध्ये राहणार नाही, एवढं ठरलंय. कार्यदर्शींना भेटले तर साक्षीदारावर दबाव आणला असं तुम्ही म्हणाल का?”

“काय बोलता त्यावर आहे.”

“माफी मागायची आहे.”

मी त्यांच्या मागावर साध्या वेशात एक हवालदार पाठवला. संशय हा आमचा धंदाच आहे. त्याने परत येऊन सांगितले की बाईंनी केसचे नावही काढले नाही. तुमच्या नावाने खोटे झाले, ते माझ्या कंपनीतून झाले, एवढे बोलून त्या उठल्या. कार्यदर्शींनीच त्यांना थांबवले आणि विचारले, “आता मी काय केलं म्हणजे खरं ते तिथे पोचेल?”

बाईंनी बनावट प्रतिज्ञापत्र मागे घेतले आणि त्याच दिवशी नव्या पुराव्यासाठी परवानगीचा अर्ज केला. तारीख तोवर लागली नव्हती. कंपनीने जोरदार हरकत घेतली. ज्याने एकदा शपथेवर नाही म्हटले त्याचे आता काय ऐकायचे, असा त्यांचा मुद्दा होता, आणि तो चुकीचा नव्हता. अधिकाऱ्यांनी परवानगी दिली, पण कार्यदर्शींची उलटतपासणी होईल ही अट घातली. ती व्हिडिओवर झाली. वकिलांनी त्यांना खोटारडे म्हटले. “एकदा खोटं बोललो,” ते म्हणाले, “म्हणून तर आज आलोय.”

निकालात पेटंट पूर्ण रद्द झाले नाही. फोन अदलाबदलीचा भाग तेवढा त्यातून काढला गेला. बाईंचे काम त्यावरच चालणार होते, त्यामुळे त्यांची कंपनी तगली. संघाला शीतगृह कुणी दिले नाही. भागीदार आणि नोटरी यांच्यावर मी आरोपपत्र दाखल केले, आणि ते चूक होते असे मला आजही वाटत नाही. खऱ्या गोष्टीसाठी केलेली बनावट सही ही बनावटच असते. तिच्यामुळेच एक सरळ माणूस खोटे बोलायला तयार झाला. पण कागद अस्सल आहे म्हणून त्यातले बोलणेही अस्सल, असे मी पुढे कधी धरून चाललो नाही. प्रत्येक जबाबात माणसाने कशाचे उत्तर न विचारता दिले, ते मी आधी शोधायला लागलो.

भागीदाराने कोर्टात गुन्हा कबूल केला. त्या दिवशी मी बाहेरच्या बाकाशेजारी उभा होतो. कार्यदर्शी देवनहळ्ळीहून बसने आले होते. त्यांना कुणी बोलावले नव्हते. ते भागीदाराशेजारी जाऊन बसले.

“मला विचारलं असतंस,” कार्यदर्शी म्हणाले, “तर मी तिरुपतीहून परत आलो असतो.”

“तुमचा फोन लागत नव्हता, अण्णा.”

“मग तू यायचंस. देवदर्शनही झालं असतं.”

आतून पुकारा झाला तेव्हा भागीदार उठला, आणि म्हातारा त्याच्याबरोबर दारापर्यंत गेला.