उन्हातली पेशी

आमच्या घरात वडिलांचा डावा हात आणि डावा पाय गेला, तेव्हा मी बारावीत होते. वडील फौजेत ड्रायव्हर होते. निवृत्त झाल्यावर गावी कराडकडे न जाता लखनौलाच राहिले आणि तेलीबागेतल्या शाळांची मुलं ने-आण करायला त्यांनी एक व्हॅन घेतली. अर्धांगानंतर ती व्हॅन गल्लीत नुसती उभी राहिली. तिच्यावर कडुलिंबाचा चीक, धूळ आणि कबुतरांची कृपा. आई साड्यांना फॉल-पिको करायची, तिच्या बोटांना सुया टोचून टोचून भोकं पडलेली. शिक्षण सोड असं मात्र घरात कुणी म्हणालं नाही. मी आमच्या घरातली पहिली पदवीधर आहे, बी.एस्सी. केमिस्ट्री. हे मी कुणी न विचारताही सांगते, आणि पुढेही सांगत राहणार आहे.

व्हॅन विकायचं ठरलं. घ्यायला येणारा माणूस गल्लीच्या तोंडाशी थांबून तिच्याकडे बघायचा आणि तिथूनच परत जायचा. अशात एके सकाळी वडिलांना भेटायला त्यांच्या पलटणीतला, लखनौतच राहिलेला एक माणूस आला. मेंदीने लाल केलेल्या मिशा, कडक इस्त्रीचा शर्ट, अत्तराचा घमघमाट. दारात न थांबता ते सरळ व्हॅनपाशी गेले. खिशातून पातळ प्लॅस्टिकची पिशवी काढली, हात तिच्यात घातला आणि तो हात बॉनेटवरून हळूहळू फिरवला. डॉक्टर पोट तपासतात तसा. पिशवीतून रंगावरचा बारीकसा कणही बोटांना कळतो, हे मला पुढे समजलं.

"अगं पोरी, ही गाडी मेलेली नाही," ते मला म्हणाले. "हिला कुणी आंघोळच घातली नाही."

हे घाडगेकाका. फौजेत साहेब लोकांच्या गाड्या चमकवायचं काम त्यांच्याकडे होतं, आणि त्यांच्या मते हिंदुस्थानात हे काम येणारा दुसरा माणूस जन्मायचा होता. त्या दिवशी आधी चहा घेतला नाही, वडिलांशीही बोलले नाहीत. बादली मागितली. धुतल्यावर मातीच्या वडीसारखी एक मऊ वडी रंगावरून फिरवून त्यांनी रुतलेली धूळ उचलली, मग स्कूटरवरून आणलेलं पॉलिशचं मशीन लावलं. दुपारी आई बाहेर आली आणि पदर तोंडाशी धरून उभीच राहिली. व्हॅनच्या पांढऱ्या पत्र्यात आमचं घर दिसत होतं, दोरीवरचे कपडे दिसत होते. वडील खाटेवर होते. त्यांना उचलून दारात आणलं तेव्हा ते रडले नाहीत, हसले. म्हणाले, "घाडग्या, लेका, आता विकवत नाही की रे!"

विकली मात्र. पहिल्याच माणसाने घेतली.

पदवी झाल्यावर मी नोकरीसाठी खूप फिरले. कुठे अनुभव हवा होता, कुठे ओळख. शेवटी मीच काकांना म्हणाले, "तुम्हाला काम येतं, मला लोकांशी बोलता येतं आणि बाटलीवरचं वाचता येतं. दुकान काढू या." काकांनी मिशीवरून बोट फिरवलं. "ग्रॅज्युएट, तू माझ्या हाताखाली काम करशील?" मी म्हणाले, "तुम्ही माझ्या हाताखाली करा." त्यांना हे उत्तर फार आवडलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते सांगत सुटले. तेव्हापासून मी ग्रॅज्युएट. माझं नाव ते विसरले असावेत.

रायबरेली रोडला लागून एक शटरचं गाळेवजा दुकान मिळालं. काकांचे कायदे फौजेसारखे. आत यायचं तर रंगावर ओरखडा नको म्हणून अंगठी, घड्याळ, पट्ट्याचं बक्कल सगळं काढून. एकदा जानकीपुरमहून एक प्राध्यापक आले, मराठीच. काकांनी त्यांचा पट्टा काढायला लावला आणि बिचारे पँट धरून आपल्याच गाडीभोवती हिंडले. उन्हाळ्यातली गरम लू सुटली की जमिनीवर पाणी शिंपायचं, म्हणजे धूळ उडत नाही. आणि घाईच्या गिऱ्हाइकाला एकच पाठ, "पॉलिश म्हणजे काढणं आणि कोटिंग म्हणजे जपणं. आधी काढायचं, मग जपायचं. उलटं केलंत तर कचरा जपाल." लखनवी गिऱ्हाइकाला हेच ते मोडक्या अदबीने हिंदीत सांगायचे आणि शेवटी स्वतःलाच दाद द्यायचे, "क्या बात कही, घाडगे!"

त्यांचा सगळ्यात मोठा कायदा होता पेशी, म्हणजे कोर्टात आरोपीला उभं करतात तशी हजेरी. ट्यूबलाइटखाली सगळ्याच गाड्या देखण्या दिसतात, म्हणून तयार गाडी उन्हात ढकलत न्यायची आणि तिच्याभोवती फिरून बघायचं. उन्हात रंगावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक गोल रेघा दिसल्या तर गाडी नापास. त्या रेघांना आम्ही जाळंच म्हणायचो. दुपारी गल्लीतली माणसं पेशी बघायला जमायची. भाजीवाला भैयासुद्धा हातगाडी थांबवून निकाल द्यायचा, "पास है, दद्दा!"

मीही शिकत होते. भंगारातून आणलेल्या एका बॉनेटवर काका मला मशीन चालवायला लावायचे. गिऱ्हाइकाच्या गाडीला मात्र हात लावू देत नसत. "अजून तुझा हात कॉलेजात आहे," म्हणायचे.

मग मिश्राजी आले. लग्नांना गाड्या भाड्याने द्यायचा त्यांचा मोठा धंदा. ताफ्यातल्या सगळ्या गाड्या काळ्या, लांबलचक. मिश्राजी पान एका गालात ठेवून म्हणाले, "देखो बिटिया, एक गाड़ी दे रहे हैं। सहालग सिर पर है। शीशा बना दिया तो सारी गाड़ियाँ तुम्हारी। नहीं बनी, तो राम-राम।" सहालग म्हणजे लग्नसराई.

आमच्या दुकानात त्या महिन्यात आठवड्याला एखादी गाडी येत होती. मिश्राजींचं काम मिळालं तर दुकान राहणार होतं, नाहीतर शटर खाली. हे मला माहीत होतं, काकांनाही होतं. त्यांनी दोन दिवस मला जवळ फिरकू दिलं नाही. एकट्याने पॉलिश केलं, एकट्याने त्यावर कोटिंगचा पारदर्शक थर चढवला. तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गाडी पेशीला बाहेर काढली. संध्याकाळी मिश्राजी येणार होते.

"काच आहे काच!" काका ओरडले. "बघून घे, ग्रॅज्युएट, पुन्हा दिसायची नाही!"

खरंच काच होती. बॉनेटमध्ये आकाश उतरलं होतं. मी नाचायचीच बाकी होते. फिरत फिरत डाव्या बाजूला आले आणि थांबले. मागच्या दरवाजावर, वरपासून खालपर्यंत, जाळं. पॉलिशमध्ये राहून गेलेलं, आणि आता कोटिंगखाली पक्कं बंद झालेलं.

"काका, हा दरवाजा बघा."

"बघितलाय."

"जाळं आहे."

"जाळं तुझ्या डोळ्यात आहे."

ते तरातरा आले, वाकले. इतके वाकले की मिशा पत्र्याला टेकल्या आणि श्वासाची वाफ रंगावर उमटली. मग त्यांनी पिशवी काढली, हात घातला, दरवाजाभर फिरवला. "गुळगुळीत आहे," ते म्हणाले.

"गुळगुळीतच आहे, काका. जाळं हाताला लागत नाही. ते नुसतं दिसतं."

हे त्यांनीच मला शिकवलं होतं. त्यांनी हात पुन्हा दरवाजावरून फिरवला. आणि मला एकदम सगळं उमगलं. गेले काही महिने ते बाटल्यांवरचं मला वाचायला लावत होते. "तू शिकलेली, तू वाच." मला वाटायचं, माझ्या पदवीचा मान राखतात. मी काय फुगायचे!

"किती आहे?" त्यांनी हळूच विचारलं.

"दरवाजाभर."

"मिश्राला दिसेल?"

"दिसेल."

काका सरळ उभे राहिले. रस्त्याकडे बघत राहिले, पण बघत नव्हते. मला वाटलं आता हे अत्तर, मिशा, कडक शर्ट सगळं घेऊन निघून जातील. ते वळले आणि पलटणीतल्या आवाजात ओरडले, "काय बघतेस? आत घे गाडी! मशीन उचल!"

"मी?"

"मग काय भाजीवाला उचलणार?"

मी बांगड्या काढल्या. जमिनीवर पाणी शिंपलं. कोटिंग काढायचं म्हणजे पुन्हा घासणं आलं, आणि जास्त घासलं की खालचा रंगच उडतो. काका माझ्या मागे उभे राहिले, डोळे मिटून. "आवाज बसला, दाब कमी कर," ते म्हणाले. "हां, असं. पोळी लाटतेस ना? तेवढंच." मशीन दरवाजाच्या कडेशी आलं की त्याचा सूर बदलायचा आणि माझ्या लक्षात यायच्या आत काका ओरडायचे, "कड आली! उचल!" माझे दंड भरून आले होते, घाम पापण्यांवरून गळत होता, आणि खरं सांगते, मला इतकी मजा आयुष्यात कधी आली नव्हती. रेघा एकेक करून जात होत्या. मी बघत होते, ते ऐकत होते, आणि दोघं मिळून आम्ही एक पुरा कारागीर होतो.

दिवा लावून मी इंचनइंच तपासलं, मग कोटिंग चढवलं. ते ओलं असताना त्यावर पाण्यावरच्या तेलासारखे रंग फुटतात, आणि फुटले की लगेच पुसायचं. उशीर झाला की डाग राहतो. एप्रिलच्या त्या उकाड्यात ते भराभर वाळत होतं.

"रंग फुटले?"

"फुटतायत... फुटले!"

"मग सांगतेस काय, पूस!"

ऊन कललं होतं तेव्हा गाडी दुसऱ्यांदा बाहेर आली, आणि मिश्राजी वेळेआधीच हजर. गाडीभोवती गोल फिरले. डाव्या मागच्या दरवाजासमोर थांबले. मिश्राजींनी खिशातून कंगवा काढला आणि दरवाजात बघत भांग पाडला.

"मिश्राजी," काका म्हणाले, "कंघी घर पर। यह दूल्हे के लिए है।" मग मिशीवर ताव देत, "इसमें एक दरवाज़ा इस बिटिया का है, बाक़ी गाड़ी हमारी। ढूँढ़के बताइए कौन-सा।"

मिश्राजी पुन्हा फिरले, वाकून वाकून. भाजीवालाही फिरला. कुणाला सांगता आलं नाही.

"अरे दद्दा, हार गए," मिश्राजी म्हणाले. "सब भिजवा देंगे।"

काकांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी सुटल्यावर ते घरी न जाता आधी दुकानात आले आणि माझ्या कामात इतक्या चुका काढल्या की मला वाटलं, डॉक्टरांनी जरा कमीच दिसू दिलं असतं तर बरं. पुढे त्यांचा मुलगा त्यांना कराडला घेऊन गेला. गेल्या थंडीत ते तिथेच वारले. त्यांच्या मुलाने फोनवर सांगितलं की शेवटच्या आठवड्यात ते नर्सला घड्याळ काढून हात लावायला सांगत होते.

मिश्राजींच्या सगळ्या गाड्या आमच्याकडे येतात. अमौसीच्या बाजूला आमचं दुसरं दुकान आहे. आईने शिवणयंत्र देऊन टाकलं. पॉलिशचं मशीन मी चालवते.