दम घेऊ दे त्याला

"दम घेऊ दे त्याला." इंजिनापुढं उकिडवे बसून मिस्त्री असं म्हणायचे, तेव्हा नवखा माणूस मागं वळून बघायचा, कोण धापा टाकत आलंय म्हणून. मिस्त्री बोलत असायचे पिस्टनबद्दल.

तुम्ही पुण्याकडून नगरला आला असाल, तर केडगावात शिरताना माझी रसवंती तुमच्या नजरेला पडली असेल. नसेल पडली तर तुमचं नशीब. शेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये मिस्त्री डिझेल इंजिनं दुरुस्त करायचे. विहिरीवरची, गिरणीतली, माझ्या चरकाचं. आता सगळीकडं मोटारी आल्या, पण विजेचा भरवसा नाही म्हणून अजून इंजिन राखून असलेले लोक आहेत. ते पार पारनेरहून टेम्पोत इंजिन घालून यायचे.

खोललेलं इंजिन जोडलं की टायमिंग लावावं लागतं, म्हणजे डिझेल आत कधी फवारायचं ते ठरवावं लागतं. त्यासाठी आधी 'टॉप' सापडला पाहिजे. पिस्टन सगळ्यात वर असतो ती जागा. चाकावर खूण असते म्हणे, पण जुन्या इंजिनांची खूण गंजून गेलेली, नाहीतर चाकच भलत्या इंजिनाचं. मग मिस्त्री नोझल काढायचे, त्या भोकातून सायकलची तार आत सोडायचे आणि तारेच्या टोकावर बोट ठेवायचे. त्यांच्या बायकोला आम्ही सगळे वहिनी म्हणायचो. त्या समोर बसून दोन्ही हातांनी चाक फिरवायच्या. पिस्टन वर सरकेल तशी तारही वर यायची. मग एक जागा अशी येते, की चाक जरासं फिरतं पण तार हलत नाही. पिस्टन वर चढायचा थांबलेला असतो आणि खाली उतरायला लागलेला नसतो. "दम घेऊ दे त्याला," मिस्त्री म्हणायचे. आणि मग, "थांब." वहिनी चाकावर खडूनं रेघ मारायच्या.

एरवी दोघांची दिवसभर वादावादी. चहात साखर का नाही म्हणून हे, आणि शुगर असून साखर मागता कशी म्हणून त्या. पण चाकाला हात लागला की दोघंही गप्प. ऐकू यायच्या त्या फक्त वहिनींच्या बांगड्या. मी एकदा चेष्टेनं म्हणालो, की ग्रीसच्या कामात हातभर बांगड्या घालणाऱ्या तुम्ही जगात एकट्याच असाल. तर मिस्त्रीच माझ्यावर खेकसले. तुमच्या चरकाला घुंगरं चालतात, मग हिच्या बांगड्यांनी तुमचं काय घोडं मारलं?

पुढं शुगरनं त्यांची बोटं बधिर केली. मला कळलं ते असं, की चालू इंजिनाच्या सायलेन्सरला एकदा त्यांचा हात टेकला. कातडी भाजल्याचा वास मला आला, त्यांना पत्ताच नाही. मी ओरडल्यावर त्यांनी हात काढला, तोही सावकाश. त्या दिवसापासून मी त्यांच्या कामाकडं नीट बघायला लागलो. तुम्हीही बघितलं असतं तर दिसलं असतं. आधी चाक थांबायचं, मग "थांब" यायचं. वहिनींचे डोळे तारेवर खिळलेले असायचे. तार हलायची थांबली की त्या आपणच हात आवरायच्या. गिऱ्हाइकाला वाटायचं, मिस्त्रींनी सांगितलं म्हणून थांबल्या.

मी बघतोय हे वहिनींच्या लक्षात आलं. दुपारी रस न्यायला आल्या तेव्हा इकडंतिकडं बघून म्हणाल्या, "भाऊ, कुटं बोलू नका. त्यांला वाटतंय, अजून कळतंय बोटाला. बोटं गेली म्हनून घरात बसले, तर तिथंच संपतील."

मी कशाला बोलतोय? मलाही मिस्त्री इंजिनापुढं बसलेलेच बघायचे होते.

गेल्या पावसाळ्यात तापाचं निमित्त झालं आणि वहिनीच गेल्या. दवाखान्यातून घरी आणलं ते शेवटचंच. सवाष्ण गेल्या म्हणून बायकांनी त्यांच्या हातांत हिरव्या बांगड्या भरल्या. मिस्त्री बाहेर भिंतीकडं तोंड करून बसले होते. बांगड्यांचा आवाज आला तसे चटकन उठले, आणि पुन्हा खाली बसले.

शेड बंद झाली. उन्हाळ्याच्या तोंडावर माझ्या इंजिनाचं बेअरिंग गेलं. दुसरीकडून बदलून आणलं, पण टायमिंग काही जमेना, इंजिन नुसता काळा धूर ओकायचं. मिस्त्रींची लेक त्यांना कायमचं तिच्या सासरी, खर्ड्याला न्यायला येणार होती. त्याच्या आदल्या दिवशी मी त्यांना हात धरून घेऊन आलो. इंजिनाचं काम होतंच, पण एकदा त्यांना इंजिनापुढं बसलेलं बघायचं होतं.

चाक मी धरलं. मनाशी ठरवलं होतं, वहिनी करायच्या तसंच करायचं. तार वर आली, हलायची थांबली. मी हात आवरला आणि वाट बघत राहिलो. मिस्त्री बोट ठेवून, मान कलती करून बसले होते. "थांब" काही येईना. शेवटी मीच म्हणालो, "मिस्त्री, टॉपला आलंय वाटतं."

"आलंय व्हय?" त्यांनी तारेवरचं बोट काढून घेतलं. "बोटाला लई दिस झाले, काय कळत न्हाई. तिच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या, की मी थांब म्हनायचो. तिला वाटायचं, मला आजून कळतंय. म्हनलं, वाटू दे."

दोघांनी एकमेकांसाठी तेच गुपित जपलं होतं, आणि मी मेला समजत होतो की ते मीच सांभाळतोय.

मी रेघ मारली. पुढचं ते सांगत गेले, मी करत गेलो. इंजिन पहिल्या हँडलला सुरू झालं, धूर नाही. चरक फिरायला लागला, घुंगरं वाजायला लागली. मिस्त्रींनी रस मागितला. रागवायला कुणी नव्हतं, म्हणून मी अर्धा ग्लास दिला. तो हातात धरून ते रस्त्याकडं तोंड करून बसले, प्यायले नाहीत.

मग मी इंजिन बंद केलं. चरक मंदावत गेला, घुंगरं विरळ होत गेली. शेवटचं घुंगरू गप्प झालं, आणि मिस्त्री अगदी हळू म्हणाले, "थांब."

मला रडू आवरेना, म्हणून मी उगाच चिपाडं गोळा करत बसलो. दुसऱ्या दिवशी सकाळी लेक आली आणि त्यांना घेऊन गेली.