फादरच्या बाटल्या

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी मी नगरच्या लष्करी कॅम्पातून रिकाम्या बाटल्या आणून बेलापूरला विकत असे. आमच्या मिशनचे फादर इटलीचे. बारा वर्षांत ते घरी गेले नव्हते. चर्चमागच्या द्राक्षांपासून गावाकडची फेसाळ वाइन करून तिची चव एकदा घ्यायची, एवढीच त्यांची इच्छा होती. तिकडे वाइन पुरती आंबायच्या आधीच बाटलीत भरतात. हवा तापली की ती आतल्या आत पुन्हा आंबते आणि फेस धरते. म्हणून बाटल्या बिअरच्याच, जाड काचेच्या आण, असं त्यांनी मला बजावलं होतं.

भाव करताना ते चारचौघांत म्हणाले, "तू तर दारांना कुलपं नसलेल्या शनी-शिंगणापुरातसुद्धा कुलपं विकशील!" सगळे हसले. मला ठगच ठरवलं म्हणून माझं डोकं फिरलं. त्यांनी सांगितलेला दर मी कबूल केला आणि पोत्यांच्या तळाशी सरबताच्या पातळ बाटल्या भरल्या.

एप्रिलमध्ये त्या फुटू लागल्या. एक फुटली की शेजारची जाड बाटलीही तडकायची. मी गेलो तेव्हा फादर काचा वेचत होते. एकच बाटली वाचली होती. ती उघडून त्यांनी अर्धी मला दिली.

"माझंच चुकलं रे. तुमच्या उन्हाचा मला अंदाज आला नाही."

"व्हय फादर, औंदा ऊन लई हाय," मी म्हणालो.

चारचौघांत त्यांनी तसं बोलायला नको होतं, हे मी अजूनही म्हणतो. पण चिंधी बांधलेल्या त्या हातातून मी पेला घेतला, आणि सगळा प्यालो.