उलटी धून

वडील अरिस्तेओ छापखान्यात शिरले आणि ओतिलियाने शाईचे हात घाईघाईने पुसले. चाळिशी उलटली होती, केसांत पांढरं दिसू लागलं होतं, तरी ते समोर उभे राहिले की ती पुन्हा गावच्या बँडमधली, हातात ट्रम्पेट धरून त्यांच्या इशाऱ्याची वाट बघणारी पोरगी व्हायची. म्हातारा त्या बँडचा मास्तर. बँड सोडून ती मेक्सिकोतल्या वाहाका शहरात आली, दगडावर चित्रं काढून छापायला लागली, त्याला वीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत त्यांनी तिच्याशी तिच्या कामाबद्दल चकार शब्द काढला नव्हता. गावात कुणी विचारलंच तर म्हणायचे, "दगडाला काजळ फासते."

आणि आता तिने त्यांच्याच बँडच्या सात धुनांवर सात चित्रं केली होती. त्यांत माणसं नाहीत, वाद्यं नाहीत. नुसते काळे झोत, ठिपके, रेघांचे गुंते, धुनेसारखे डावीकडून उजवीकडे चाललेले. प्रदर्शन उद्यावर आलं होतं. सहा चित्रं भिंतीवर टांगलेली, सातव्याचा पहिला कागद आत्ता निघायचा होता. सातवी धून आईच्या अंत्ययात्रेत वाजलेली, अरिस्तेओंनी स्वतः बांधलेली. "मला यातलं काही कळत नाही," असं म्हणून म्हातारा टोपी घालून निघून गेला असता, तर ती मोडून पडली असती.

ते प्रत्येक चित्रापुढे थांबले. बोटं मांडीवर हलत होती.

"चित्रं बघतायत की हजेरी घेतायत?" यंत्र चालवणारा विल्फ्रिदो पुटपुटला.

"गप बस."

दगडावरून कागद सुटला. काळाभोर, देखणा. अरिस्तेओंनी बराच वेळ पाहिलं आणि त्यांचा चेहरा आक्रसला.

"हे उलटं आहे."

"मास्तर, डागांना कसलं आलंय उलटं-सुलटं?" विल्फ्रिदो हसला.

"आधी माती टाकलीत, आणि मग घरातून उचललंत हिच्या आईला."

ओतिलियाचं डोकं तापलं. उत्तर देणार, तेवढ्यात तिची नजर दगडावर गेली. तिथे धून घरापासून मातीपर्यंत सरळ चालली होती. दगडावरचं कागदावर आरशासारखं उलटं उतरतं, म्हणून काढतानाच उलटं काढायचं, हे ती झोपेतही विसरत नसे. पहिली सहा तशीच काढली होती. आईची धून काढताना मात्र तिला भानच राहिलं नव्हतं.

तिने दगडाकडे एकदा नीट पाहून घेतलं. असं पुन्हा हातून उतरेल याची खात्री नव्हती.

"घासून टाक. पुन्हा काढते."

"उद्या प्रदर्शन आहे, बाई."

"सहाच लावू." मग भिंतीकडे वळून तिने विचारलं, "बाबा, ती सहा?"

"बरोबर आहेत. तिसऱ्यात तुझं ट्रम्पेट उशिरा आलं."

"ते तेव्हाही उशिराच यायचं."

"हो. आता बँडमध्ये सगळे वेळेवर येतात," टोपी हातात फिरवत म्हातारा म्हणाला. "ऐकवत नाही."