हाशिमचाचांचा फळा

रत्नागिरीच्या त्या जुन्या नाट्यगृहात दिव्यांचं पॅच पॅनेल २००३ सालीही चालूच होतं. सगळे त्याला फळाच म्हणत. फळ्यावर ओळीने भोकं, आणि रंगमंचावरच्या प्रत्येक दिव्याची वायर तिथे येऊन लोंबायची. हव्या त्या दिव्याची पिन हव्या त्या भोकात खुपसली, की तो दिवा खालच्या दांड्याने कमीजास्त करता यायचा. मुंबईची मंडळी ते पाहून नाकं मुरडत. मुरडू देत. हाशिमचाचांच्या हाताखाली त्या फळ्याने कुणाचं नाटक पाडलं नव्हतं.

चाचा पंचवीस वर्षं जहाजावर वायरमन होते. प्रत्येक वायरीला त्यांनी सुतळी बांधली होती. पाचव्या दिव्याला पाच गाठी, सहाव्याला सहा. कुणी विचारलं तर म्हणत, "जहाजातली सवय." खरं कारण बायकोला, फातिमालाही ठाऊक नव्हतं. दोन वर्षांपासून त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढत होता. कळलं तर काम जाईल, ही धास्ती. आणि काम गेल्यावर दिवसभर ओट्यावर बसून करायचं काय, येणाऱ्याजाणाऱ्याला सलाम?

नाट्यस्पर्धेच्या दिवशी चाचा दुपारच्या नमाजाला गेले आणि विमलाबाईंनी घात केला. बाई शाळेत शिकवत. नाटक त्यांनीच बसवलं होतं आणि स्वच्छतेचं त्यांना भारी वेड. परीक्षक आत डोकावले तर काय म्हणतील, म्हणून त्यांनी सगळ्या पिना उपटल्या, फळा पुसला, काळ्याकुट्ट सुतळ्या कापल्या आणि वायरींवर सुबक अक्षरात आकड्यांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या.

"चाचा, आता कसं छान दिसतंय ना?"

चाचांनी वायरींवरून हात फिरवला. सगळ्या सारख्याच गुळगुळीत. एकही गाठ हाताला लागेना, पण तोंडून निघालं, "बेस केलंत, बाई." अब्रू नको तिथे माणसाची जीभ धरते.

त्यांनी अंदाजाने पिना लावल्या. पहिल्या अंकाच्या शेवटी खाटेवरची आई प्राण सोडते, तिच्या तोंडावर झोत हवा. चाचांनी दांडा वर केला. आई बिचारी अंधारातच मेली. झोत पडला दारावर, आणि दारामागे पहिल्याच प्रवेशात वारलेला बाप, म्हणजे सर्वेश, बटाटवडा खात उभा होता. प्रेक्षक हसून लोटपोट.

पडदा पडला. बाई रडत आल्या. मागोमाग नाट्यगृहाचे व्यवस्थापक आप्पा लालबुंद होऊन आले. "फळाच जुना झालाय! उद्याच उपटून टाकतो!"

फळ्यावर ढकलून सुटता आलं असतं. क्षणभर चाचांना मोहही झाला.

"आप्पा, फळ्याला बोलू नका," ते म्हणाले. "मना आकडे दिसत नाय. दोन वर्सां झाली."

"मग दोन वर्षं दिवे कोण लावत होतं?"

चाचांनी दोन्ही हात पुढे केले. "हे. गाठी मोजून."

विमलाबाईंनी तोंडाला पदर लावला. "उद्या सकाळी तुला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेतो," आप्पा म्हणाले. "नाय म्हणालास तर बघ. आता घंटा देऊ?"

दुसऱ्या अंकाला बाई फळ्याजवळच बसल्या. चिठ्ठी वाचून एकेक वायर त्या चाचांच्या हातात देत होत्या. शेवटच्या प्रवेशात नाटकातली मुलगी, सानिका, उंबऱ्यात एकटीच उभी राहिली. चाचांनी दांडा वर केला. त्यांना दिसलं ते नुसतं धुकं.

"पोरीच्या तोंडावरच पडला ना?" त्यांनी हळूच विचारलं.

"तोंडावरच, चाचा. खरंच रडतेय हो ती."

"मग जरा कमी करतो," म्हणत चाचांनी दांडा किंचित खाली घेतला.