घर गहाण टाकून संडास

"घर गहाण टाकून संडास बांधायचा? लोक पोरींच्या लग्नासाठी टाकतात, शिक्षणासाठी टाकतात. आपण संडासासाठी?" अण्णा, म्हणजे माझे वडील, इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या अक्कांनी खिडकीतून डोकावून पाहिलं.

आमचं जयनगरचं घर जुनं. बांधलं तेव्हा संडास घरात नकोच, असा अण्णांचा हट्ट. म्हणून तो परसात, तीन पायऱ्या उतरून. पायऱ्या कायम ओल्या. आईच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालं, माझी सगळी शिल्लक त्यात गेली, आणि डॉक्टरांनी तिला उकिडवं बसायला बंदी केली. मधे भोक असलेली प्लॅस्टिकची खुर्ची आणली, पण पायऱ्या तशाच राहिल्या.

मग आईनं आपल्यापुरता उपाय शोधला. दुपारी तीननंतर पाणी बंद. रात्रीची गोळीसुद्धा एका घोटात ढकलायची. आम्हाला पत्ताच नाही. लघवीला जळजळ होऊन ताप चढला, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "तुम्ही पाणी पीत नाही का हो?" आई फरशीकडे बघत राहिली. मला इतकी लाज वाटली की काय सांगू! मी त्याच घरात राहते, आणि कोरमंगलाच्या ऑफिसात टेबलावर लिटरभराची बाटली ठेवून स्वतःचे घोट मोजत बसते.

स्वयंपाकघराला लागून संडास काढायचा तर ड्रेनेजची जुनी लाइन उखडून नवी टाकायला हवी होती, शिवाय गच्ची गळत होतीच. "स्वल्प जास्ती होईल," असं म्हणत कंत्राटदारानं जो आकडा सांगितला, तो माझ्या पगारातून भागणारा नव्हता. घरावर कर्ज काढणं एवढाच रस्ता उरला. हप्ते मी भरणार होते. पण अण्णांचे दोन मुद्दे: घराचे कागद बँकेत जायचे नाहीत, आणि संडासाची भिंत देवघराला लागायची नाही.

तीन आठवडे आमची जुंपली होती. मीही काही गरीब गाय नाही. "देवाला वास येईल म्हणून आईनं तहानेनं मरायचं का?" असंही एकदा बोलून गेले. त्यावर अण्णांनी दोन दिवस अबोला धरला. चुकलंच माझं, पण तेव्हा माघार घेतली नाही.

शेवटी बँकेच्या माणसाला घरीच बोलावलं. म्हटलं, परक्याचं तरी ऐकतील. अण्णांनी देवांच्या पाटाखालची लाल पिशवी काढली, पण हातातून सोडेनात. त्या माणसानं गोडीगुलाबीनं खरेदीखत मागून घेतलं, दोन पानं उलटली आणि कन्नडमध्ये म्हणाला, "सर, सही अम्मांची लागेल. मालक त्या आहेत."

खरंच होतं. जागा घेताना आईच्या पाटल्या मोडल्या होत्या, म्हणून अण्णांनी ती तिच्या नावावर केली होती. घरपट्टीची पावती दरवर्षी तिच्याच नावानं येते. अण्णा पैसे भरतात, मी पावती फाइलला लावते. काखेत कळसा अन् गावाला वळसा! मालकीणबाई आत शेंगा सोलत बसलेल्या आणि आम्ही बापलेक बाहेर एकमेकांच्या उरावर. कर्ज किती, हप्ता कुणाचा, भिंत कुठली, सगळं मीच ठरवून टाकलं होतं. अण्णांवर चिडायला मी पुढे, पण आईला विचारायचं मलाही सुचलं नव्हतं.

तिला हाक मारली. पदराला हात पुसत ती आली. बांधकामाचा नकाशा तिनं तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

"ही भिंत देवघराची ना?"

"तेच तर म्हणतोय मी!" अण्णांना जोर आला.

"मग देव हॉलमध्ये न्यायचे. रोजची पूजा मी करते, माझं ऐकतात ते. कुठं करायची सही?"

शाळेत गिरवलेल्या वळणदार कन्नडमध्ये तिनं अर्जावर सावकाश सही केली. अण्णांनी पिशवीची नाडी बोटाला गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. पण नाही म्हणाले नाहीत.

बँकेचा माणूस गेला तेव्हा पाच वाजून गेले होते. आईनं माठातलं पाणी तांब्याभर घेतलं आणि आमच्या देखत सगळा तांब्या रिकामा केला.

"अगं, आत्ता कशाला? काम व्हायला महिने आहेत अजून," अण्णा म्हणाले.

"तोवर तुम्ही हात धरा."

थोड्या वेळानं दोघं परसात गेली. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी होते. अण्णांनी तिचा हात धरून पहिल्या पायरीवर पाऊल टाकलं, तर त्यांचीच चप्पल सरकली. कसंबसं त्यांनी भिंतीला धरलं.

"केवढं निसरडं आहे हे! कधी बोलली नाहीस ती?"

"बोलले होते," आई म्हणाली. "सावकाश उतरा."