फाटकाच्या रंगाची लेथ

फाटक रंगवून अर्धा डबा रंग उरला, म्हणून मी सासऱ्यांची लेथ मशीनही रंगवून टाकली.

त्यात काही चुकतंय असं मला तेव्हा वाटलं नाही. मामाजी (आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात) फॅक्टरीत टर्नर होते. रिटायर झाल्यावर त्यांनी तळमजल्याच्या खोलीत एक सेकंडहँड लेथ आणून बसवली आणि पुढची वीस वर्षं गावभरच्या पंपांचे दांडे तिच्यावर फिरवून, घासून नीट केले. तिचं वजन आमच्या अख्ख्या कुटुंबापेक्षा जास्त. आता मामाजींचे डोळे आकडे वाचू देईनात आणि गुडघे जिना चढू देईनात. वरच्या खोलीत जाताना ते तीनदा थांबत आणि तिन्ही वेळा जिना कोणी बांधला याची चौकशी करत. (त्यांनीच बांधला होता.) त्यांना खालची खोली हवी होती आणि खालच्या खोलीत लेथ होती.

विकायला ते तयार झाले, पण एका अटीवर. "चालवणाऱ्याले दे, वंदना. तोडणाऱ्याले नको." मी शब्द दिला. विकण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही असा माझा समज होता. आमची जुनी स्कूटर मी धुऊन, पुसून, पॉलिश मारून दोन दिवसांत खपवली होती. फ्रीजही तसाच गेला. स्वच्छ वस्तू विकली जाते, हा माझा सिद्धांत!

मामाजी आठ दिवस नागपूरला लेकीकडे गेले, तेवढ्यात मी उरकून घेतलं. पहिल्या दिवशी डिटर्जंटने वीस वर्षांचं तेल काढलं. दुसऱ्या दिवशी रंग. पोपटी. ज्या पट्ट्यांवरून मशीनचा पुढचा भाग सरकतो त्या मला फार काळ्या वाटल्या, त्यांनाही दोन हात दिले. हँडलांजवळच्या बारीक चकत्यांपर्यंत मोठा ब्रश पोचेना, तिथे केस रंगवायचा माझा छोटा ब्रश कामी आला. (त्या चकत्यांवर मापाचे आकडे होते. मला वाटलं, मळ आहे.)

मामाजी परत आले आणि दारातच उभे राहिले. मग आत जाऊन त्यांनी हँडल चाचपलं, बोट नाकाशी नेलं.

"हा रंग कुठचा?"

"फाटकाचा. उरला होता."

"म्हणजे आता आपल्याकडे दोन फाटकं झाली," ते म्हणाले आणि चहा मागितला.

गिऱ्हाइकं आली. आमच्याकडे बाजार हिंदीतच चालतो. पहिल्याने मशीनला एक फेरी मारली आणि त्याला अचानक काम आठवलं. दुसरा दारातूनच वळला. तिसरा महाराजपूरचा एक मिस्त्री, त्याने निदान तोंड उघडलं.

"भाभीजी, पेंट के नीचे क्या है?"

"मशीन है."

"वो तो है. क्रैक कहाँ है?"

"क्रैक कहीं नहीं है."

"तो पेंट काहे को किया?"

मी त्याला चहा विचारला. तोही गेला. चौथा आला तो ओमतीचा कबाडी, म्हणजे भंगारवाला. त्याने रंगाची तोंडभरून तारीफ केली आणि मशीन किलोच्या भावाने मागितली. माझ्या रंगाचं कौतुक करणारा तो एकटाच, आणि तो ती हातोड्याने फोडणार होता.

मामाजींनी जिन्याच्या पायथ्याशी उभं राहून ऐकलं. "राहू दे खोली," म्हणाले. "मी चढून जात जाईन." आणि जिन्यात चौथ्यांदाही थांबले.

ते मला बघवेना. मी महाराजपूरच्या मिस्त्रीला फोन लावला आणि सरळ सांगितलं, मशीन अच्छी है, बिगाड़ा मैंने है. तो पलीकडे बराच वेळ हसला. मग थिनरची बाटली घेऊनच आला.

दुपारभर आम्ही दोघं रंग काढत होतो. मामाजी खुर्चीवर बसून सांगत, कुठे नुसतं पुसायचं आणि कुठे खरवडायची पाती टेकवायचीही नाही. पोपटीखालून हळूहळू हँडल वर आलं. एका बाजूने झिजलेलं, त्या जागी चांदीसारखं. मिस्त्रीने तिथे स्वतःचा अंगठा ठेवून पाहिला आणि पहिल्यांदा त्याचा चेहरा गिऱ्हाइकासारखा दिसू लागला. स्कूटर वापरली की उतरते, म्हणून वापर लपवायचा असतो. लेथवरचा वापर मात्र तिचा दाखला होता. कोणीतरी वीस वर्षं रोज इथे हात ठेवला, म्हणजे ती रोज चालली. गिऱ्हाईक तेच वाचायला येत होतं आणि मी ते सगळं धुऊन काढलं होतं.

पट्ट्या साफ झाल्या, तेल पडलं, मामाजी उठले. चकत्यांवरचे आकडे अजून पोपटीच होते, पण मामाजींना ते तसेही दिसले नसते. त्यांनी दांडा बसवला, मान कलती करून आवाज ऐकला, हँडल थोडं थोडं फिरवलं. मिस्त्रीने माप घेतलं. पुन्हा घेतलं. मग म्हणाला, "बाबूजी, ये और कहीं नहीं जाएगी. मेरे यहाँ चलेगी."

मामाजींनी घेतली होती त्याहून चांगल्या किमतीला लेथ गेली. मिस्त्रीने सूट मागितली ती फक्त थिनरची आणि मजुरीची, म्हणजे एवढ्या व्यवहारात उणे काही निघालं असेल तर माझी मेहनत. मामाजी आता खालच्या खोलीत झोपतात. त्यांची लोखंडी खाट गंजली आहे. मी नुसतं तिच्याकडे पाहिलं तरी ते म्हणतात, "हात नको लावू."

केस रंगवायचा माझा छोटा ब्रश पोपटी होऊन दगडासारखा कडक झाला. नवा आणला नाही. परवा आमच्या यांनी माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहून विचारलं, "काहून, रंग संपला का?"

मी म्हटलं, "नाही. पण लावला, की लोक विचारतात क्रॅक कुठे आहे."